पॅरिसची यादी आणि जतचे आकाश

काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आम्ही आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. पावसाळा संपला होता, अमावास्या जवळ होती, आकाश स्वच्छ होते. सोबत एक लहान दुर्बीण आणि दहा बाय पन्नासची एक द्विनेत्री होती. मैदानावर चाळीसएक मुले रांगेत उभी होती. आम्ही मोठ्या उत्साहाने दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर रोखली आणि सांगितले, "हा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला आहे." पहिली मुलगी नेत्रिकेला डोळा लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सर, धुरकट दिसतंय नुसतं." तिच्या मागच्या मुलाला तेवढेही दिसले नाही, कारण तोपर्यंत दीर्घिका दृष्टिक्षेत्राबाहेर सरकली होती.

चूक मुलांची नव्हती, दुर्बिणीचीही नव्हती. निवड चुकली होती, आणि ती आमची होती. पुस्तकातील रंगीत छायाचित्र मनात ठेवून आम्ही वस्तू निवडली. हातातील साधन, समोरची मुले आणि डोक्यावरचे आकाश यांचा विचारच केला नाही. परत येताना प्रश्न पडला, की दुर्बिणीतून काय पाहावे हे आजवर कोणी आणि कसे ठरवले? त्याचा मागोवा घेता घेता आम्ही इटली, पॅरिस आणि पुणे असे फिरून पुन्हा जतच्या शेजारी येऊन पोचलो. तीच हकिगत येथे सांगत आहोत.

गॅलिलिओने काय सोडले?

गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली ती १६०९ साली. १६१० च्या मार्चमध्ये त्याने आपली निरीक्षणे छोट्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केली. चंद्रावरचे डोंगर आणि गुरूचे चार उपग्रह यांसाठी हे पुस्तक ओळखले जाते. पण त्यात एक छोटीशी कबुली आहे, ती शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी. गॅलिलिओला मृग नक्षत्राचा संपूर्ण नकाशा काढायचा होता. दुर्बिणीतून त्याला तेथे इतके नवे तारे दिसले की त्याने तो बेत पुढे ढकलला आणि मृगाचा पट्टा व तलवार एवढाच भाग निवडला. त्या भागात पूर्वी माहीत असलेल्या ताऱ्यांत त्याने ऐंशी नव्या ताऱ्यांची भर घातली. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा तारे दिसतात. त्यांच्याभोवती त्याने आणखी छत्तीस दाखवले. पुष्य नक्षत्रातला धुरकट ठिपका म्हणजे चाळीसएक ताऱ्यांचा पुंजका आहे, हेही त्याने दाखवून दिले.

म्हणजे दुर्बिणीच्या पहिल्याच वर्षात निवड करणे भाग पडले. गॅलिलिओने निवडलेल्या गोष्टींत एक समान सूत्र दिसते. नुसत्या डोळ्यांना जी वस्तू आधीच ठाऊक आहे, तीच त्याने दुर्बिणीतून दाखवली. त्यामुळे पाहणाऱ्याला "आधी असे दिसत होते, आता असे दिसते" ही तुलना करता येत होती.

त्याच्या दुर्बिणीचे विशालन सुमारे वीस होते, पण दृष्टिक्षेत्र इतके अरुंद होते की पूर्ण चंद्रही एका वेळी त्यात मावत नसे. आजच्या दहा बाय पन्नासच्या द्विनेत्रीचे विशालन त्याच्या निम्मे आहे. मात्र तिच्या दृष्टिक्षेत्रात सुमारे साडेसहा अंश आकाश मावते, म्हणजे शेजारी शेजारी तेरा पूर्णचंद्र ठेवता येतील एवढे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. पन्नास मिलिमीटरचे वस्तुभिंग त्याच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते. कृत्तिका, रोहिणीभोवतीचा गुच्छ आणि पुष्याचा पुंजका पाहण्यासाठी आपल्या शाळेतील साधी द्विनेत्री गॅलिलिओच्या दुर्बिणीपेक्षा सरस आहे.

चुकीच्या गोष्टींची यादी

दुर्बीण घेतलेल्या कोणालाही पहिल्या आठवड्यात "एम ३१", "एम ४२" अशी नावे भेटतात. हा "एम" म्हणजे शार्ल मेसिए हा फ्रेंच निरीक्षक. त्याचा जन्म १७३० चा, मृत्यू १८१७ चा. त्याला दीर्घिका वा तेजोमेघ यांत फारसे स्वारस्य नव्हते. तो धूमकेतूंच्या शोधात असे.

१७५८ साली हॅलेचा धूमकेतू परत येण्याची वाट सारे युरोप पाहत होते. मेसिए त्याच्या शोधात असतानाच ऑगस्टमध्ये त्याला दुसराच एक धूमकेतू दिसला. त्याचा पाठपुरावा करत असताना वृषभ राशीत एक धुरकट ठिपका आढळला. तो धूमकेतूसारखा दिसत होता, पण जागचा हलत नव्हता. तो आजचा खेकडा तेजोमेघ. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट नोंदवून ठेवला, त्याचे हे अवशेष. मेसिएच्या दृष्टीने मात्र ती निव्वळ फसगत होती. पुन्हा कोणी असे फसू नये म्हणून त्याने धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या पण धूमकेतू नसलेल्या वस्तूंची यादी करायला घेतली. या यादीत एम १ चा मान त्याच ठिपक्याला मिळाला. १७७४ साली छापलेल्या पहिल्या यादीत ४५ वस्तू होत्या, १७८१ पर्यंत त्या १०३ झाल्या आणि विसाव्या शतकात इतरांनी भर घालून ११० केल्या.

गंमत अशी, की वेळ वाया घालवू नये म्हणून केलेली ही यादी आज जगभरचे हौशी निरीक्षक आवडीने पाहायच्या वस्तूंची यादी म्हणून वापरतात. ती उपयोगी आहे यात शंका नाही. लहान दुर्बिणीतून दिसेल अशाच वस्तू तिच्यात आहेत, कारण मेसिएजवळही लहान दुर्बिणीच होत्या. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात.

पहिली, धूमकेतू समजून फसगत होण्याजोगे नाही ते यादीतून सुटले. ययाति तारकासमूहातला जोडगुच्छ द्विनेत्रीतून फार देखणा दिसतो, पण त्याला "एम" क्रमांक नाही.

दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. ही यादी पॅरिसहून केलेली आहे. पॅरिसचा अक्षांश सुमारे ४९ अंश उत्तर. वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ मेसिएच्या यादीत सर्वांत दक्षिणेचा आहे. पॅरिसच्या क्षितिजावर तो जेमतेम सहा अंश वर येतो. त्याच्याही दक्षिणेला असलेले आकाश या यादीत जवळजवळ नाहीच.

जतचा अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर आहे. येथे एम ७ अडतीस अंश वर येतो. हे गणित आठवीच्या मुलांकडून करून घेता येईल. दक्षिण क्रांती असलेल्या वस्तूची जतहून दिसणारी कमाल उंची हवी असेल, तर ७३ मधून तिची क्रांती वजा करायची. एम ७ ची क्रांती सुमारे दक्षिण ३५ अंश, म्हणून ७३ वजा ३५ बरोबर ३८. पॅरिससाठी याच हिशेबात ७३ च्या जागी ४१ घ्यावे लागतात.

आता नरतुरंगातील ओमेगा या वस्तूचा विचार करू. टॉलेमीने आणि पुढे १६०३ साली बायरने तिला तारा समजून नोंदले. ती तारा नाही हे हॅलेने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून टिपले. प्रत्यक्षात तो लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, आणि पृथ्वीवरून दिसणाऱ्या अशा गुच्छांत सर्वांत तेजस्वी आहे. क्रांती दक्षिण साडेसत्तेचाळीस अंश. पॅरिसहून तो कधीच उगवत नाही. जतहून तो पंचवीस अंश वर येतो, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो. पॅरिसची यादी तशीच उचलली तर जतच्या मुलांना तो दाखवायचे आपल्याला सुचणारच नाही.

जमखंडीचा पाहुणा

दक्षिणेच्या आकाशाची ही उणीव युरोपातल्या निरीक्षकांना फार जाणवत असे. विल्यम हर्शेलने १७८३ पासून इंग्लंडमधून आकाश पद्धतशीर विंचरून अडीच हजार तेजोमेघ व गुच्छ नोंदवले. त्याचा मुलगा जॉन हेच काम दक्षिणेत पुरे करण्यासाठी केप ऑफ गुड होपला गेला आणि १८३४ ते १८३८ अशी चार वर्षे तेथे राहिला. या घराण्याची तिसरी पिढी मात्र आपल्या भागात येऊन गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जॉनचा मुलगा लेफ्टनंट जॉन हर्शेल हिंदुस्थानात सर्वेक्षण खात्यात अधिकारी होता. १८६४ साली विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा वर्णपट पाहून तो वायूचा बनलेला आहे असे दाखवून दिले होते. सगळे तेजोमेघ असेच आहेत, की काही दूरच्या ताऱ्यांचे पुंजके आहेत, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. तो दक्षिणेच्या तेजोमेघांना विचारण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने लेफ्टनंट हर्शेलकडे पाच इंची दुर्बीण आणि वर्णपटदर्शक दिला. त्याने दक्षिण हिंदुस्थानातून यादीतील निवडक तेजोमेघ पाहिले. काहींच्या वर्णपटात तेजस्वी रेषा मिळाल्या, काहींच्यात सलग पट्टा. तिसऱ्या पिढीतही काम निवडीचेच होते, पण कसोटी बदलली होती. सुंदर काय दिसते यापेक्षा आपल्या प्रश्नाला उत्तर देईल इतका प्रकाश कशातून मिळतो, हे आता पाहिले जात होते.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राच्या सावलीचा पट्टा दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकावरून पूर्वेला गुंटूरकडे गेला. हर्शेलने आपले साधन पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात उभारले. दुसरी एक तुकडी विजापूरला होती. जत या दोन्ही गावांच्या शेजारचे, तेव्हा डफळे घराण्याचे संस्थान. जमखंडी दक्षिणेला, विजापूर पूर्वेला. जतवरही त्या सकाळी अंधार झाला असणार, कारण गाव त्या पट्ट्यातच येते.

ऑगस्ट म्हणजे पावसाळा. जमखंडीला ढगांनी फार सतावले. खग्रासाची मिनिटे हातावर मोजण्याइतकी, आणि त्यातली काही ढगांत गेली. तरी हर्शेलने आपले लक्ष विचलित होऊ दिले नाही. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहायचा हे त्याने आधीच ठरवले होते. ढगांच्या फटीतून त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. ज्वाळा वायूच्या आहेत हे त्यावरून ठरले. त्याच दिवशी गुंटूरला जान्सेन यानेही अशा रेषा पाहिल्या. त्यातली नारिंगी-पिवळी रेषा सोडियमची नाही हे पुढे लक्षात आले. ती हेलियमची होती, आणि हे मूलद्रव्य पृथ्वीवर हाती लागले १८९५ मध्ये.

वर्गातल्या चाळीस मुलांसाठी आपल्याजवळ अशीच मोजकी मिनिटे असतात. काय पाहायचे आणि का पाहायचे हे आधी ठरले नसेल, तर ढग नसतानाही ती वाया जातात.

पुण्याची दुर्बीण आणि एक मराठी शिक्षक

मराठी मुलखात मोठी दुर्बीण आली ती पुण्याला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १८८८ पासून पुण्याच्या सायन्स कॉलेजात काम करू लागली. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. पुढे येथे बसवलेली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती.

नायगमवालांनी आपल्या आरंभीच्या कामासाठी निवडले काय, तर मृगाचा तेजोमेघ. मृगाच्या पट्ट्याला आपल्याकडे तिकांडं म्हणतात. त्याच्याखाली नुसत्या डोळ्यांनाही जो अंधुक डाग दिसतो, तो हा. त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेषा आहे. ती मॅग्नेशियममुळे आहे असे लॉकयर या नामवंत शास्त्रज्ञाचे मत होते. १८९१ साली नायगमवालांनी पुण्याहून केलेले निरीक्षण या मताच्या विरुद्ध गेले. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव होती, मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी पसरट नव्हती. ती विरळ वायूतील आयनीभूत ऑक्सिजनची आहे, हा उलगडा १९२७ मध्ये झाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून निरीक्षणे घेतली.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाइकनालला गेली. एका माणसाच्या आधारावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर थांबले. पुण्याजवळ गिरवली येथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली ती २००६ साली, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांनी.

याच काळात दुर्बिणीशिवाय काम करणारा एक शिक्षक होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ मध्ये कोकणातील मुरूडचा. मराठी शाळांत आणि ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नोकरी केली. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये आला. त्याआधी सामान्य वाचकांसाठी त्यांनी ज्योतिर्विलास लिहिले. त्याचे दुसरे नाव होते "रात्रीची दोन घटका मौज". दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. शाळेच्या एका तासापेक्षा थोडी जास्त. या नावात आम्हाला आकाशदर्शनाचे सगळे वेळापत्रक दिसते. दीक्षित १८९८ मध्ये वारले. त्यांच्या पुस्तकामुळे ताऱ्यांची ओळख ज्या घरांत पोचली, तेथे वीस इंची दुर्बीण कधीच पोचणार नव्हती.

निवडीच्या चार कसोट्या

या इतिहासातून शिक्षकाच्या कामाला येतील अशा चार कसोट्या आम्ही काढल्या आहेत.

एक, वस्तू आधी नुसत्या डोळ्यांनी सापडावी. ही गॅलिलिओची रीत. जत भागातील मुलांना पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस ठाऊक असतो, पण पुष्य नक्षत्र पाहिलेले नसते. हे साहजिक आहे. तो पाऊस पडतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. पुष्य रात्री पाहायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरात रोज बोलले जाणारे नाव द्विनेत्रीत ताऱ्यांचा पुंजका होऊन दिसले, की मूल ते विसरत नाही.

दोन, वस्तूचा आकार आणि साधनाचे दृष्टिक्षेत्र यांचा मेळ बसावा. कृत्तिका सुमारे दोन अंश पसरल्या आहेत, त्या द्विनेत्रीत शोभतात. जास्त विशालनाच्या दुर्बिणीत त्यांचा तुकडाच दिसतो. उलट शनीची कडी द्विनेत्रीत दिसणार नाहीत, त्यांना दुर्बीण आणि पंचवीस-तीस पट तरी विशालन हवे. सप्तर्षींत, म्हणजे म्हातारीच्या खाटल्यात, वसिष्ठ आणि अरुंधती डोळ्यांनी वेगळे दिसतात. पण खुद्द वसिष्ठ जोडतारा आहे, हे १६१७ साली गॅलिलिओचा शिष्य कास्तेली याच्या लक्षात आले, आणि तेही दुर्बिणीतून.

तीन, रांगेचा हिशेब करावा. आकाश तासाला पंधरा अंश सरकते. एक अंश दृष्टिक्षेत्राच्या स्थिर दुर्बिणीतून वस्तू चार मिनिटांत पार होते. साडेसहा अंशांच्या द्विनेत्रीतून जायला तिला सव्वीस मिनिटे लागतात. द्विनेत्री तिपाईवर बांधली, तर एकदा रोखल्यावर निम्मी रांग पुढे सरकते. आमची देवयानी निसटली ती हा हिशेब न केल्यामुळे.

चार, आपल्या गावाचे आकाश पाहावे.

जतची यादी

या कसोट्यांवर उतरलेल्या वस्तूंची आमची यादी अशी. ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच नैऋत्येला मूळ नक्षत्राजवळ एम ७ पाहावा, आणि डोक्यावर हंसाच्या चोचीतला सोनेरी-निळा जोडतारा दुर्बिणीतून. डिसेंबर-जानेवारीत कृत्तिका, ययातीचा जोडगुच्छ आणि मृगाचा तेजोमेघ. देवयानी दीर्घिकाही याच सुमारास द्विनेत्रीतून पाहावी, पण शेवटी. तोवर मुलांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि "धुरकट" म्हणजे काय याची त्यांना कल्पना आलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्याधाच्या खालचा एम ४१ आणि जवळजवळ डोक्यावर येणारा पुष्याचा पुंजका. एप्रिलच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजापासून तेरा अंशांवर नौकातलातला मोठा तेजोमेघ. त्यातला ईटा हा तारा १८३७ च्या डिसेंबरात एकाएकी भडकलेला जॉन हर्शेलने केपहून पाहिला होता. आणि मे महिन्यात सुट्टीला आलेल्या मुलांसाठी ओमेगा. चंद्र आणि गुरूचे उपग्रह कोणत्याही ऋतूत, जेव्हा असतील तेव्हा.

ही यादी अंतिम नाही. पर्जन्यछायेतल्या या तालुक्याला पावसाने कमी दिले, पण ऑक्टोबर ते मे इतक्या निरभ्र रात्री दिल्या, की मेसिएला त्याचा हेवा वाटावा. मात्र ही संपत्ती कायमची आहे असे समजू नये. माळावर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे आले आहेत, गावागावांत उंच खांबांवर पांढरे झगझगीत दिवे आले आहेत. तेरा अंशांवरचा तेजोमेघ क्षितिजावरच्या उजेडात सर्वांत आधी हरवेल. आजची मुले वस्तू नोंदवून ठेवतील, आणि दहा वर्षांनी त्याच मैदानावरून पुन्हा पाहतील, तर आपल्या आकाशाचे काय झाले ते त्यांचे त्यांनाच कळेल.

त्या शाळेत आम्ही पुढच्या जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी सुरुवात कृत्तिकांपासून केली. आधी प्रत्येकाने डोळ्यांनी मोजून आकडा वहीत लिहायचा, मग द्विनेत्रीतून पाहून दुसरा आकडा. मागच्या वेळची ती मुलगी रांगेत होती. पहिला आकडा तिने सहा लिहिला होता. दुसऱ्या आकड्याच्या जागी बराच वेळ काही नव्हते. "सर, अजून मोजतीया," ती म्हणाली. रांग थांबली होती, पण आम्ही तिला घाई केली नाही.